एक नंबरची जागा

नक्षत्र अपार्टमेंटच्या बिल्डरने आठ फ्लॅट विकले आणि आठही जणांना पार्किंगचा शब्द दिला. इमारत उभी राहिल्यावर खांबांच्या मध्ये जागा निघाली ती पाच गाड्यांची. मग चिठ्ठ्या टाकल्या, पिवळे पट्टे मारले, भिंतीवर आकडे रंगवले. ज्यांच्या नशिबी आकडा आला नाही त्या तिघांनी गाड्या बाहेर गल्लीत लावून बिल्डरच्या नावाने बोटं मोडायला सुरुवात केली. बिल्डर एव्हाना पोलादपूरला दुसऱ्या इमारतीचा पाया खणत होता. तिथेही शब्दच देत असणार.

गोमाजीच्या घराला पाच नंबर आला. आकडा आला म्हणून आनंद मानावा, तर पाच नंबर म्हणजे सगळ्यात मागचा कोपरा, पाण्याच्या पंपाला खेटून. तिथली गाडी बाहेर काढायची तर आधी तीन आणि चार नंबरच्या गाड्या हलवाव्या लागत. तीन नंबर सोसायटीचा सेक्रेटरी हरी याचा. त्याचं चपलांचं दुकान चालत पाच मिनिटांवर, त्यामुळे गाडी आठवडाभर हलत नसे, नुसती पुसली जाई. चार नंबरवाला रात्रपाळी करून आलेला असे आणि सकाळी नऊला त्याची झोप मोडणं म्हणजे दिवसभराचं वैर.

एक नंबर मात्र जिन्याच्या पायाशी. शेवटची पायरी उतरली की दोन पावलांवर गाडीचं दार. ती जागा चारुशीलाबाईंची, आणि चारुशीलाबाईंकडे गाडीच नव्हती. दोन लोखंडी खांब, मध्ये साखळी, साखळीला कुलूप, आणि आत काही नाही. रोज सकाळी सातला बाई खाली येऊन ती रिकामी जागा झाडीत आणि गुरुवारी पाणी टाकून धूत. त्यांचा मुलगा धवल पुण्यात मोठ्या कंपनीत होता. तो गाडी घेऊन येईल तेव्हा त्याला जागा नको का? महाडातल्या शाळेत चौतीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाई. अर्ध्या इमारतीने त्यांच्या छड्या खाल्लेल्या. त्यांना उलट विचारणार कोण?

गोमाजी तसा या इमारतीतला नव्हेच. कापडे गावाच्या वरच्या अंगाला सहा घरांची वाडी आहे, तिथे त्याची सारी हयात गेली. दोन वर्षांमागे रंगूबाईला नाचणी लावता लावता बांधावरच झटका आला आणि तिची उजवी बाजू गेली. पोरगा शुभम एमआयडीसीत कामाला. त्याने दोघांना उचलून आपल्या पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं. इमारतीत लिफ्टसाठी खड्डा सोडलेला होता, लिफ्ट तेवढी नव्हती.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी रंगूबाईला व्यायामाच्या डॉक्टरकडे न्यायचं असे. डॉक्टर मुलगी चांगली होती. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "बोटं उघडतील, आजी थोडं चालतीलही. पण खंड पडू देऊ नका. महिना गेला तर हात मिटला तो मिटला." त्याप्रमाणे एक वर्ष चाललं. शुभम आणि गोमाजी तिला खुर्चीत बसवून जिना उतरवत, मग खांबांमधून, फाटकाच्या उतारावरून, गटाराच्या जाळीवरून गल्लीत, आदल्या रात्री बाहेरच लावून ठेवलेल्या गाडीपर्यंत नेत. तिथे वडापावची गाडी, रिक्षावाले, शाळेत जाणारी पोरं. सगळे बघत. वाईट मनाने नव्हे, पण बघत.

भाद्रपदातल्या एका शुक्रवारी उतारावर खुर्ची कलली. रंगूबाई पडली नाही, पण पदर पडला आणि तो सावरायला तिचा उजवा हात उचलला गेला नाही. घरी आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "उद्यापास्नं मी नाय यायची. मला गणपतीवानी मिरवत नेऊ नका." जिच्या मागोमाग वाडीतल्या साऱ्या सुना चिखलात ओळ धरायच्या, ती बाई. तिने एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेवाला ऐकायची नाही.

शुभम तरुण रक्ताचा. पुढच्या मंगळवारी साखळीचं कुलूप उघडं दिसलं तशी त्याने साखळी काढली आणि गाडी एक नंबरात घातली. आईला म्हणाला, चल, आता कोण बघत नाही. ती जिना अर्धा उतरते न उतरते तोच चारुशीलाबाई वरून आल्या.

"कोणाला विचारून लावलीत गाडी?"

"दहा मिन्टं, बाई. आईला घेतो न् जातो."

"आज दहा मिनिटं, उद्या कायमचं. धवलला हे मुळीच चालत नाही. काढा."

शुभमच्या तोंडून निघून गेलं, "गाडी ना घोडा, नुसती जागा अडवून बसल्यात!" झालं. बाईंनी हरीला बोलावलं, धवल फोनवर फार चिडलाय म्हणून सांगितलं, हरीने फलकावर सूचना लावली, आणि रंगूबाई आल्या पावली खुर्चीतून वर गेली. त्यानंतर बाई आणि शुभम जिन्यात समोरासमोर आले तरी दोघंही भिंत बघत जात. सोसायटीचे दोन गट पडले. गल्लीत गाड्या लावणारे तिघे शुभमच्या बाजूचे झाले. न्यायाची चाड म्हणून नव्हे. एक जागा फुटली तर दुसरीही फुटेल एवढाच त्यांचा हिशेब.

मध्ये दिवाळी येऊन गेली. तिची समजूत काढून कसेबसे काही मंगळवार साधले, बरेच बुडाले, आणि आता लागोपाठ तीन आठवडे रंगूबाई घराबाहेर पडली नव्हती. तिची बोटं तळव्याकडे वळायला लागली होती. गोमाजी ती एकेक करून उघडी आणि ती पुन्हा मिटत. वाडीवर असता तर त्याने काय केलं असतं याचा तो विचार करू लागला, आणि त्याला खळं आठवलं.

वाडीत घरं सहा आणि खळं एकच. डोंगरउतारावर सपाट जागा मिळते कुठे? जिथे मिळाली तिथे आज्या-पणज्यांनी दगड काढून, चोपून, खळं केलं. दिवाळी सरली की बायका ते शेणाने सारवीत. मग एकेका घराला दोन-दोन दिवसांची पाळी. आपल्या पाळीला आपलं भात आणायचं, झोडायचं, वारा द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत खळं झाडून पुढच्याला मोकळं करायचं. काय दिवस होते ते! सकाळी धुकं खाली सावित्री नदीच्या अंगावर पडलेलं असायचं आणि वर खळ्यावर कोवळं ऊन. नव्या पेंढ्याचा वास, धपाधप झोडणीचा आवाज, बायकांच्या नाकातोंडात भाताची कुसळं गेलेली आणि तरी हसणं चाललेलं. शेवटच्या पाळीला राखणदाराला नारळ, कोंबडा, आणि सहाही घरांचं जेवण खळ्यावरच. गोमाजीच्या डोळ्यांपुढे हे आलं की त्याला फ्लॅटच्या फरश्या नकोशा होत.

कधी अडचण यायची. कुणाचं माणूस आजारी, कुणाचं भात आभाळाखाली पडलेलं, आणि पाळी दुसऱ्याची. त्याची एक रीत होती. पाळी तोंडाने मागायची नाही. तोंडाने मागितली की समोरच्याला तोंडाने नाही म्हणावं लागतं, आणि तोंडावर दिलेला नकार सहा घरांच्या वाडीत वर्षभर जिरत नाही. म्हणून पहाटे जायचं, मूठभर पेंढा पिळून त्याचा वेढा करायचा, खळ्याच्या कडेला ठेवायचा, वर एक दगड. खळं म्हणजे लक्ष्मीची जागा, म्हणून दगडाला हळदकुंकू लावायचं आणि नमस्कार करून निघून यायचं. ज्याची पाळी तो सकाळी येऊन बघे. वेढा तसाच राहू दिला, तर पाळी दिली. उचलून बाजूच्या गवतात ठेवला, तर जमत नाही. कुणी विचारायचं नाही, कुणी सांगायचं नाही. संध्याकाळी दोघं एकाच बांधावर बसून तंबाखू मळायला मोकळे.

तुम्हाला पुढचं दिसायला लागलं असेल. गोमाजीला दिसलं नाही.

रविवारी तो एसटीने वाडीवर जाऊन आला. सहातली चार घरं बंद, पोरं मुंबईला, खळ्यावर गुडघाभर गवत. भात आता मशीन येऊन काढून जातं. मागे राहिलेल्यांत त्याच्याच वयाचा चांगू होता. त्याच्याकडून त्याने नव्या पेंढ्याची एक पेंढी मागून आणली आणि गुरुवारी पहाटे, कुणी उठायच्या आत, खाली उतरला. साखळीखालून वाकून आत गेला, एक नंबरच्या कोपऱ्यात पेंढ्याचा वेढा ठेवला, वर दगड, दगडाला हळदकुंकू, आणि उकिडवा बसून त्याने मनोभावे नमस्कार केला. वर येऊन चहा प्यायला. कितीतरी दिवसांनी त्याला काहीतरी रीतसर केल्यासारखं वाटत होतं.

त्याने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं नाही. त्या दिवशी अमावस्या होती.

सात वाजता खाली जी किंकाळी उठली तिने चार नंबरवालाही झोपेतून उठला. चारुशीलाबाईंच्या हातातून केरसुणी पडली होती आणि त्या साखळीला घट्ट धरून उभ्या होत्या. दगड, कुंकू, पेंढ्याची पिळलेली बाहुली (तो वेढा होता, पण भीतीला बाहुलीच दिसते), आणि अमावस्या. शनिवारी तर धवल येणार! चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं बाईंनी, भानामतीच्या गोष्टींवर वर्ग हसवले होते. पण आपल्या पोरावर आलं की विज्ञान दुसऱ्यांच्या पोरांसाठी असतं.

हरीने कॅमेऱ्यातलं चित्रण काढलं. ते दुपारपर्यंत आठही घरांच्या मोबाईलवर पोचलं. पहाटेच्या धुरकट उजेडात गोमाजी उकिडवा बसलाय, पुटपुटतोय, हात जोडतोय. पोलिसांत द्यावं असं एकजण म्हणाला. असल्या माणसाला इमारतीत ठेवायचं का असं दुसरा म्हणाला. शुभम कामावरून आला तो बुटांसकट आत शिरला. "बाबा, काय करून बसलात हो? लोक तुमाला करणीवाला म्हनतायत!" गोमाजीला आधी कळेचना. कळलं तेव्हा त्याला इतकी लाज वाटली की तो दोन दिवस गॅलरीतसुद्धा गेला नाही. लोक आपल्याला करणीवाला म्हणतात याची लाज होतीच. त्याहून जास्त लाज याची वाटली की एवढी सोज्वळ रीत आपण अशा ठिकाणी आणली जिथे ती वाचणारं कुणीच नाही.

शनिवारी धवल आला नाही. रविवारी सकाळी दहाला पार्किंगमध्येच, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून, मीटिंग झाली.

हरी म्हणाला, "काका, सरळ विचारतो. हे काय होतं?"

गोमाजी उभा राहिला. "खूण व्हती," तो म्हणाला, आणि मग त्याने अडखळत सारं सांगितलं. खळं, पाळी, वेढा, दगड. सांगता सांगता त्याची भीड गेली आणि हात आपोआप वेढा पिळायला लागले. "माझ्या घरातलीला आठवड्यातनं दोनदा न्यायची असती. बाईंना तोंडानं मागितलं तर त्यांना नाय म्हनताना जड जाईल, म्हनून ठेवली. नको असलं तर त्यांनी बाजूला सारून टाकली असती. एवढंच व्हतं."

आधी कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले, आणि त्या हसण्यात तीन दिवसांचं भय निघून गेलं. चारुशीलाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या गोमाजीच्या हातांकडे बघत होत्या.

हरीने ठरावाची वही उघडली. तो बाईंचा विद्यार्थी, त्यामुळे वहीकडे बघून बोलला. "तर... आपल्याच ठरावात लिहिलंय की, जी जागा वर्षभर वापरली नाही ती गरज असेल त्याला द्यावी. बाई, धवल शेवटचा कधी आला होता?"

बाई मांडीवरची कुलपाची चावी चाचपत राहिल्या.

"मागच्या गणपतीत ना?"

"त्याच्या मागच्या," गल्लीत गाडी लावणाऱ्यांपैकी एकजण चटकन म्हणाला. "चौदा महिने झाले."

मग हात वर झाले. एक, दोन, पाच, सहा. एक नंबर गोमाजीच्या घराला. शुभमने बापाचा दंड दाबला. त्याचा चेहरा उजळला होता. गोमाजी जिंकला होता, आणि त्याला हवं तेच मिळालं होतं. पण तेवढ्यात त्याची नजर बाईंकडे गेली. त्या मांडीवरची चावी या हातातून त्या हातात करत होत्या, आणि तसा चेहरा गोमाजीने आयुष्यात आणखी एकदाच पाहिला होता.

"थांबा," तो म्हणाला. "मला नको ती जागा."

"बाबा!"

"आयक रे. तुमीबी आयका सगळी. खळ्याचं अर्धंच सांगितलं मी." त्याने खुर्चीची पाठ धरली. "आमच्या शेजारी जानू म्हनून व्हता. मुंबैला गेला गिरनीत. पहिली दोन वरसं सुगीला आला, मंग यायचा बंद झाला. पत्र नाय, निरोप नाय. पन त्याची पाळी आमी मोडली नाय. त्याचे दोन दिवस खळं मोकळं ठेवायचं. त्याची आय त्या दोन दिवशी खळं झाडायची, सारवायची न् बसून राह्यची. का, तर जागा भरली की मानूस सुटला. आमी जर तिथं आमचं भात टाकलं, तर तिला सांगितल्यासारखं व्हतं की तुजा पोरगा काय आता येत नाय."

बाहेर वडापाववाल्याचा झारा वाजत होता.

"एका वरसाला आभाळ आलं. माजं भात शेतात पडलेलं न् पाळी जानूची. ही माजी रंगू नवीनच लगीन होऊन आलेली. मी म्हनलं, टाकतो भात खळ्यावर, कोन बघतंय. ही म्हनाली, त्या म्हातारीच्या डोळ्यांदेखत टाकशील? नाय टाकलं. पाऊस आला, भाताला मोड आलं, वरसभर कुबट भात खाल्ला. पन पाळी मोडली नाय." त्याने हरीकडे पाहिलं. "तवा ती जागा बाईंच्या पोराची हाय. वहीतनं खोडा ते."

चारुशीलाबाईंनी इतक्या वेळात पहिल्यांदा तोंड उघडलं. "मग जानू आला?"

गोमाजीला खोटं बोलता आलं असतं. एक साधं 'आला' म्हटलं असतं तर बाई घरी सुखाने गेल्या असत्या. पण खळ्याच्या गोष्टीत खोटं मिसळायचं त्याच्या जिवावर आलं.

"नाय बाई. नाय आला."

"किती वर्षं झाडलं तिने?"

"सात. मंग ती गेली."

बाई उठल्या आणि कुणाकडे न बघता जिना चढून गेल्या. मीटिंग तशीच विरली. शुभम बापाशी दिवसभर बोलला नाही. बोलला तो एवढंच, "तुमच्या जानूसाठी आईचा हात घालवा आता." ते गोमाजीच्या काळजात बसलं, कारण पोराचं चूक नव्हतं. सोमवारी दुपारी रंगूबाईची बोटं उघडायला बसला तेव्हा करंगळी उघडेचना. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"रडतंस काय?" ती म्हणाली. आजारपणाने तिची जीभ थोडी जड झाली होती, धार गेली नव्हती. "बरं केलास. मी असती तरी हेच केलं असतं."

"तुजा हात गो..."

"एक हाय की दुसरा."

मंगळवारी सकाळी आठला बेल वाजली. गोमाजीने दार उघडलं. दारात चारुशीलाबाई. या घराचा उंबरा त्या पहिल्यांदाच ओलांडत होत्या. आत आल्या, पलंगाशी रंगूबाईजवळ उभ्या राहिल्या, आणि वर्गात प्रश्न विचारावा तसं गोमाजीला विचारलं, "गोमाजीराव, तुमचं भात भिजलं ते त्या म्हातारीला कळलं होतं?"

"कळलं. सगळ्या वाडीला कळलं."

"ती काही म्हणाली?"

"नाय."

"ती जर म्हणाली असती, की गोमाजी, टाक तुझं भात, तर तुम्ही टाकलं असतं?"

गोमाजीने विचार केला. अशी वाट होती हे इतक्या वर्षांत त्याच्या मनातच आलं नव्हतं. "तिनं सोताच्या तोंडानं म्हनलं असतं, तर टाकलं असतं."

"मग मी म्हणते." बाईंनी मुठीतली चावी दाखवली. "सोसायटीचा ठराव नको मला. मी म्हणते, माझ्या तोंडाने. किती वाजताची वेळ आहे डॉक्टरांची?"

"नऊ," शुभम आतल्या खोलीतून म्हणाला. त्याच्या अंगात अजून बनियन होतं.

पावणेनऊला अवघ्या इमारतीने गॅलरीतून पाहिलं. बाईंनी कुलूप काढलं, साखळी सोडवली, दोन्ही खांब स्वतः ओढून भिंतीला लावले. चार नंबरवाला डोळे चोळत, पण न कुरकुरता, गाडी हलवायला उतरला होता. हरी दुकान उशिरा उघडायचं ठरवून आला होता. गाड्या निघाल्या तशी बाई पिवळ्या पट्ट्यावर उभ्या राहून शुभमला हाताने खुणा करू लागल्या, "ये, ये, अजून ये... डावीकडे घे... बस!" एका रेषेत, पट्ट्याच्या आत, वही आखावी तशी गाडी लागली.

रंगूबाई खुर्चीतून जिना उतरली. शेवटच्या पायरीवरून दोन पावलं. गल्लीतल्या कुणाला दिसलीसुद्धा नाही. गाडीत बसताना तिने डाव्या हाताने आपला पदर आपणच सारखा केला.

"बसवताना-उतरवताना बाईमाणूस हवं जवळ," चारुशीलाबाई म्हणाल्या आणि कुणी काही म्हणायच्या आत पलीकडच्या दाराने रंगूबाईच्या शेजारी येऊन बसल्या. "मला तरी घरी काय काम आहे?"

गाडी निघाली. गोमाजी पुढे शुभमशेजारी बसला होता. चवदार तळ्यापाशी बाई बोलल्या, कुणाला उद्देशून म्हणून नव्हे, खिडकीकडे बघत.

"काल धवलला फोन केला. म्हटलं, जागा देऊ का रे त्यांना? तर मला म्हणाला, 'आई, कुठली जागा?'"

शुभमने गाडीचा वेग कमी केला. धवल चिडलाय, धवलला चालत नाही, धवल शनिवारी येणार आहे, हे सगळं आठवून त्याचे कान लाल झाले. फलकावर लागलेल्या त्या सूचनेचा त्याला आता राग येईना.

"त्याला माहीतच नाही हो," बाई म्हणाल्या. "त्याला आठवतच नाही की त्याची इथे एक जागा आहे." आणि त्या रडू लागल्या. तोंडावर हात दाबून, आवाज होऊ नये म्हणून धडपडत.

गोमाजीला मागे वळवेना. रंगूबाईने आपला चांगला हात उचलला, बाईंच्या तोंडावरचा हात धरून खाली घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला.

"मोठ्यानं रडा, बाई," ती म्हणाली. "जानूची आय कदी रडलीच नाय. म्हनून तर सात वरसं झाडीत बसली."

दवाखान्यापाशी नेहमीसारखी रिक्षांची गर्दी होती. शुभमने गाडी तिथे न थांबवता तशीच पुढे नेली आणि बाईंचं रडणं होईपर्यंत तळ्याला एक फेरी मारली.